नऊ नंबरचा बूट

इकीके बंदरावरून घाट चढून आलं की आल्तो ओस्पिसिओ.
तिथे डांबरी रस्ता संपतो
आणि कपडे सुरू होतात.

अतिशयोक्ती नाही, टेकडीच आहे.
खाली जीन्स, मधे स्वेटर,
वर कुणाकुणाची एका हिवाळ्यापुरती हौस.
कित्येकांच्या गळ्यात अजून किमतीचं लेबल,
प्रसूतिगृहातच सोडून दिलेल्या बाळाच्या
मनगटावरच्या चिठ्ठीसारखं.

एउफ्रोसिना चायापा सातला येते.
चेहरा गुंडाळलेला, कंबरेला नायलॉनची दोरी.
कापड ती डोळ्यांनी बघतच नाही,
चिमटीत धरून कानाशी चुरते
आणि सांगते: लोकर. प्लास्टिक. प्लास्टिक. सुती, पण भेसळ.
लोकर पिशवीत.
बाकीचं वाऱ्याच्या हवाली.

पाऊस इथे पडत नाही.
पहाटे समुद्रावरून धुकं येतं, कामांचाका म्हणतात त्याला,
तेही कड्याशीच थबकतं.
पाणी मंगळवारी, टँकरनं, दोन पिंपं.
भाज्या धुतलेलं पाणी भांड्यांना,
भांड्यांचं फरशीला,
फरशीचं दारातल्या एकुलत्या एका झाडाला,
आणि झाडही बिचारं घोट राखूनच पितं.

लेक यानारा शाळेतून एक तक्ता घेऊन आली होती.
मांस किती वेळा? मोटार आहे का? विमान?
नवे कपडे वर्षाला किती?
दिवेलागणीपर्यंत बेरीज चालली, उत्तर निघालं:
सगळे जर तुमच्यासारखे जगले
तर अर्धी पृथ्वी पुरेल.
एउफ्रोसिनानं हिशेब पुन्हा करायला लावला.
मग म्हणाली,
"उरलेली अर्धी कुणाकडे ठेवलीय?"

तक्त्याच्या पाठीमागे बारीक अक्षरात होतं,
एक सुती सदरा तयार होईस्तोवर जेवढं पाणी पितो
तेवढ्यात एका माणसाची अडीच वर्षांची तहान भागते.
तेव्हापासून ती टेकडीकडे वेगळंच बघते.
एवढं पाणी येऊन पडलंय इथे,
समुद्रच म्हणा, गोडा,
आणि जमीन ओली म्हणून झाली नाही.

कधी रात्री कुणीतरी पेटवून देतं.
मग आठवडाभर
अख्ख्या वस्तीच्या घशात
दूरदेशीचे स्वेटर.

आमच्याकडे म्हणतात, अंथरूण पाहून पाय पसरावे.
ओठांवर आलेली म्हण मी गिळली.
दारात डोंगराएवढं अंथरूण
आणि बाईचे पाय जन्मभर पोटाशी.
पाय पसरणारे कुठे राहतात
ते मला चांगलं ठाऊक होतं;
तीन विमानं बदलून आलो होतो मी
ही टेकडी बघायला.

निघताना तिनं माझी बाही चिमटीत धरली.
चुरली. कान दिला.
"प्लास्टिक," म्हणाली,
मग जरा दया येऊन, "शिवण बरी आहे पण."

समोरच्या उतारावर
तिच्या पूर्वजांनी दगड सरकवून काढलेले लामा
कित्येक शतकं एका रांगेत चालताहेत.
खाली सोऱ्याच्या खाणींकडे गेलेल्या खेचरगाड्यांच्या चाकोऱ्या,
खाणी बंद पडल्या, मालक गेले,
चाकोऱ्या कालच्यासारख्या.
पुसायला पाऊस नाही, बुजवायला गवत नाही.
"हेही राहील," ती म्हणाली
आणि माझ्या बुटाच्या ठशाकडे बोट केलं.
नऊ नंबर. टाचेशी कंपनीचं नाव, उलट्या अक्षरांत,
वाचता येण्याइतकं स्पष्ट.

मला उगाच ओशाळल्यासारखं झालं.
पायानंच पुसायला गेलो.
शेजारी
आणखी एक उमटलं.